सदर डिस्क एकच आहे

मी, खाली सही करणार,
भालचंद्र निंबा खैरनार, वय त्रेपन्न,
धंदा टायपिंग, राहणार सिडको,
बसणार कोर्टाच्या भिंतीला लागून, सीबीएससमोर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता.
सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा
की पक्षकार चहा पिऊन, भांडून, पुन्हा एक होऊन यायचे.
पुतण्या पुष्कर म्हणाला, काका, विंडोज काढू,
लिनक्स टाकू. फुकट आहे, हलकं आहे.
टाकलं. खरंच हलकं होतं.
आणि डी ड्राइव्ह उघडेना.

एकवीस वर्षं होती तिच्यात.
गॅप सर्टिफिकेटं, वारसांच्या याद्या, हरवलेली रेशनकार्डं,
पिंपळगावच्या दोन भावांनी एकमेकांविरुद्ध
माझ्याकडूनच टाइप करून नेलेले अर्ज,
शेजारी शेजारी, एकाच फोल्डरात.
पडद्यावर इंग्रजीत एक लांब ओळ यायची.
पुष्करने तिचा अर्थ सांगितला: नाही.

तीन रात्री जेवण गेलं नाही.
बायको म्हणाली, कागद लोकांचे, लोक घेऊन गेले,
तुमचं काय गेलं त्यात?
ह्याचं उत्तर मला टाइप करता आलं नसतं.

चौथ्या दिवशी वडाळा नाक्याची हुमैरा पिंजारी आली.
शालिमारला दुरुस्तीच्या दुकानात बसते.
थंडी होती, तरी स्वेटरच्या बाह्या वर सारून
काळ्या पडद्यावर काहीबाही लिहीत गेली,
माझ्यापेक्षा जलद, हे मी कबूल करतो.
म्हणाली, पुसलेलं नाहीये काही.
तुमचं विंडोज कधी पूर्ण बंदच होत नव्हतं, काका,
नुसतं झोपायचं. दप्तर उघडं टाकून.
मला कळलं. असा एक कारकून होता नकलांच्या खिडकीत,
कपाटाची किल्ली खिशात घालून रजेवर गेला
तो तिकडूनच रिटायर झाला.

पण डी कुठंय, मी विचारलं.
इथे डी नसतं. इथे तिला एसडीबी-वन म्हणतात.

हसू आलं. आयुष्यभर हेच तर टाइप केलं:
शाळेत मंदा, सासरी मंदाकिनी, आधारवर मंदाबाई,
सदर तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.

दिवेलागणीला उघडली.
फक्त वाचण्यापुरती. हात लावू नका, ती म्हणाली,
आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ.
पट्टी सरकत होती, नावं वर जात होती,
लग्नाच्या पंगतीत ओळखीचे चेहरे शोधावेत तसा मी बघत होतो.
मग तिचं बोट थांबलं.

पिंजारी, नावदुरुस्ती, दोन हजार तेरा.
गुणपत्रकावर हुमेरा, दाखल्यावर हुमैरा.
तुम्ही चाळीस मागितले होते, ती म्हणाली,
अब्बांनी पंचवीसच दिले.
उघडली. अक्षरं आधी भलतीच आली,
तिने जुना फॉन्ट टाकल्यावर मराठीत आली.
तिसऱ्या ओळीत हुमारा.
दुरुस्तीच्या कागदात चूक, आणि ती माझी,
खाली गोल शिक्का, बारा वर्षं कुणी बोललं नाही.
सुधारायला गेलो. सुधारेना.
राहू द्या, ती म्हणाली. ती पण मीच.

एकच फाइल गेली. शेवटच्या संध्याकाळची,
दिंडोरीच्या तुळशीराम गायधनींची,
पेन्शनसाठी, हयात असल्याबद्दल.
नाव आहे, आकार शून्य,
तारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
त्या तारखेला मी नव्हतो. तुळशीराम होते.

वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे
खरा व बरोबर आहे.
ठिकाण नाशिक.
सकाळी फोन लावायचा आहे:
काका, आहात ना?
परत एकदा यावं लागेल.