पाटीवरची पाचवी ओळ

डॉक्टर शाल्मली, चहा फार गोड झाला होता का?
तुम्ही कप अर्धाच ठेवून गेलात
आणि आम्ही चौघे त्या अर्ध्या कपाकडे बघत बसलो,
रिपोर्ट यायचा असावा तसे.

दवाखाना लहान आहे, खरं.
दिवाळ्याच्या जेट्टीपासून सायकलने चार मिनिटं.
चौदा खाटा. एक लिफ्ट,
तिच्यात स्ट्रेचर तिरकंच घालावं लागतं.
मालक आम्हीच: टिपणीसबाई, नाखवा, परेरा आणि मी.
थिएटरातला दिवा आलाय तो नाखवांच्या आईच्या पाटल्या मोडून.
बँक सोडली तर कुणाला सलाम करत नाही.
हे सगळं तुम्हाला सांगून झालं.
सांगितलं नाही ते लिहितो.

मागल्या फाल्गुनात, रात्री पावणेतीनला,
कल्पिता भगत. नळीतला गर्भ फुटलेला.
टिपणीसबाई हात धुऊन उभ्या,
कोपरांपासून वर धरलेले दोन हात,
कशालाच न टेकणारे,
कुणी सुरा रोखून उभं केल्यासारखे.
भूलतज्ज्ञ ऐरोलीहून निघालेला.
सिस्टर तारामती फोन कानाशी धरून
एकेक नाका मोठ्यानं सांगत होती:
तुर्भे आलं. सानपाडा. नेरूळचा पूल.
आणि जिन्याखाली तिचा नवरा, पायात एकच चप्पल,
"सगले डॉक्टर त हयंच हान,
मंग वाट कोनाची?"

बाई वाचली. मुद्दाम सांगतो,
नाहीतर तुम्हाला वाटेल घाबरवतोय.
पण ती एकतीस मिनिटं
कुठल्याच बिलात मांडता आली नाहीत.

तुम्ही तीनच गोष्टी विचारल्यात.
मशीन कोणतं.
रात्रीच्या कॉलला कधी नाही म्हटलं तर चालेल का.
(चालेल, म्हणालो. चौघांचे आवाज एकदम आले नाहीत
ते तुम्ही ऐकलंत.)
आणि तिसरं, पर्स उचलता उचलता:
पाटीवर नाव येईल?

नाखवा हसले. मला हसू येईना.

जून-जुलैत मासेमारी बंद,
तेव्हा आमच्याकडे हर्नियाची रांग.
वर्षभराची दुखणी साठवून आणतात ही माणसं.
नारळी पौर्णिमा झाली की माझ्या दारात
जिताडा येतो, कोळंबी येते,
टाके मी घातले म्हणून.
आणि ज्यानं दोन तास त्यांचा श्वास
फुग्यात धरून, दाबून, सोडून
त्यांना परत आणलं, त्याचं नाव विचारा.
"तो चष्मेवाला... आकडे मोजाया लावले त्यानं."
बस, इतकंच.

पंधरा वर्षं डिकीत पेटी टाकून
घणसोली, वाशी, खारघर,
दुसऱ्यांच्या पाट्यांखालून तुम्ही आत गेलात.
आणि आपल्या भाषेनं शब्द तरी काय दिला तुमच्या कामाला!
आम्ही करतो तीही भूल, तुम्ही देता तीही.
आमची फायलीत खोल जाऊन बसते.
तुमची उतरली की माणसं
तोंड धुऊन घरी जातात.

शेअर वीस टक्के म्हणालो होतो, तो तेवढाच राहील.
परेरा अजून कुरकुरताहेत, तेही खोटं बोलत नाही.
रविवारी सुकटीचा वास थिएटरपर्यंत येतो.
मशीन जुनं आहे. नवीन दिवाळीत, जमलं तर.

आज पेंटर आलाय, करावे गावचा तुळशीराम.
चौघांची नावं झाली, खाली 'सोनोग्राफीची सोय' येणार होती.
म्हटलं, ती अजून खाली घे,
मधे एक ओळ सोड.
"किती अक्षरांची?" त्यानं विचारलं.
मी बोटांवर तुमचं नाव मोजलं,
मग आडनाव. मग गप्प झालो.
तो शिडी तशीच ठेवून जेट्टीवर बांगडे बघायला गेलाय,
म्हणाला, येईपर्यंत सांगा,
मला रंगाचा डबा बंद करायचाय.