नाव पसरायला अठ्ठेचाळीस तास

श्रवण म्हणाला, पिन्नी, आधी नाव सांगा.
मी सासऱ्यांचं सांगितलं, शेडच्या पाटीवर आहे तेच.
त्यानं टाइप केलं, मान हलवली.
घेतलंय कुणीतरी. वापरत नाही,
नुसतं अडवून ठेवलंय. दीड लाख मागतोय.
मला अक्कलकोट रोडचे प्लॉट आठवले:
चार दगड, काटेरी तार, आत बाभळी
आणि मालक पुण्यात.

मग उरलं माझं.
एकतीस वर्षं कांड्या भरल्या,
टॉवेलच्या कडा शिवल्या, गठ्ठे मोजले.
बिलावर, मीटरवर, परवान्यावर
कुठंच नव्हतं ते.
भूदेवी टॉवेल डॉट इन.
रिकामं होतं.
कुणी मागितलंच नव्हतं.

आता हे कायमचं माझं का रे?
नाही पिन्नी, वर्षाचं भाडं. तारीख चुकली तर जाईल.
आणि आतला माल, फोटो, भाव, ते कुठं ठेवायचं?
त्याला जागा वेगळी. होस्टिंग. तिचंही भाडं.
म्हणजे पाटी एकाची, शेड दुसऱ्याची?
हो.
मग पाटी वाचून निघालेलं गिऱ्हाईक
शेडवर पोचणार कसं?

श्रवणनं चहाचा कप खाली ठेवला.
पुण्याच्या क्लासात हे कुणी विचारलं नाही, म्हणाला.
भद्रावती पेठेत नवा माणूस आला
की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारतो ना,
तसे जगभर पानवाले बसलेत.
नाव सांगितलं की ते घर नंबर सांगतात.
त्यांच्या वहीत आपला नंबर चढवायचा, बस.

स्वस्तातली जागा घेऊ या, तो म्हणाला,
पण ती शेअर्ड असते, म्हणजे असं बघा...
मी म्हटलं, तू नको सांगू.
लग्न होऊन आले तेव्हा
एका शेडमध्ये तीन घरं, एक मीटर.
गज्जमनं आठ माग सुरू केले
की आमचा बल्ब पिवळा पडायचा,
धोटा अर्ध्यात रेंगाळायचा.
तेच ना?
तेच, म्हणाला. मी अर्धा तास समजावणार होतो.

कंपनी लिहून देते, नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के वेळ चालू.
खाटेवरून मल्लेशम हसले:
तो उरलेला पॉइंट एक
आमच्या गल्लीत राहायला असतो.

बॅकअप मात्र त्याला मीच शिकवला.
गल्लीत आग लागली त्या वर्षी
जकार्डचे पुठ्ठे जळाले, मोराची नक्षी गेली,
कारागीर म्हातारा, त्याच्या बोटांनाही आठवेना.
तेव्हापासून प्रत्येक नक्षीचे दोन संच,
दुसरा माझ्या माहेरी, ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून.
श्रवण म्हणाला, कॉपी त्याच सर्व्हरवर ठेवली तर चालेल.
मी म्हटलं, त्याच शेडमध्ये?
त्यानं गुपचूप दुसरीकडं ठेवली.

रात्री साडेनऊला बटण दाबलं.
आता चोवीस ते अठ्ठेचाळीस तास,
सगळ्या वह्यांत नाव चढेपर्यंत.
एवढे?
लग्नात माझं आडनाव बदललं
तेव्हा अर्धा तास लागला नाही,
आणि गल्लीला तर आधीच माहीत होतं.

सकाळी कांडी लावली. फोन पुन्हा पुन्हा बघितला.
पान सापडत नाही.
दुपारी भाकरी थापताना, पीठमाख्या बोटानं.
पान सापडत नाही.
संध्याकाळी भिवंडीहून सत्तम्माचा मेसेज:
अक्का, दिसतंय गं! सोबत फोटो.
वर माझं नाव, खाली लाल किनारीचा टॉवेल,
जरा वाकडा आलाय.

मी परत उघडून बघितलं. इथं काहीच नाही.
श्रवण म्हणाला, तुमच्या फोनला जुनंच आठवतंय अजून.
धीर धरा.

मल्लेशमनी चष्मा पुसला, आपला फोन चाळला,
दोनदा, तीनदा.
मला दिसत नाही, म्हणाले.
थांबा, म्हटलं.
तुमच्यापर्यंत यायला वेळ लागेल.