अ‍ॅडमिन

माझं कुणाशीच भांडण नव्हतं,
म्हणून वाड्याच्या ग्रुपवर मला अ‍ॅडमिन केलं.
आता आहे. अडतीस जणांशी.

काल विषय काढला : फेरीबोट वेळेवर नाही.
सात मिनिटं टिकला.
मग श्रीरंगबाबनं ताटाचा फोटो टाकला
आणि इनासनं विचारलं,
सुंगटांच्या हुमणात तिरफळं? कुठल्या गावात?

आमच्या.
तुमच्या म्हणजे, नदीपलीकडच्या?
तीन पिढ्या गेल्या माझ्या दिवाडीत!
पिढ्या गेल्या, खोड राहिली.

मधेच आपोलिना मावशीनं नुसता अंगठा ठेवला.
कुणाला, ते कळेना,
म्हणून दोघेही तिच्यावर घसरले.
ती म्हणाली, नातवाचं बोट लागलं.
कुणी विश्वास ठेवला नाही;
नातू पणजीला असतो.

अकराला मी लिहिलं, फेरीबोटीचं काय?
उत्तर आलं : भटांनी हुमणात पडू नये.
त्याला एकोणीस अंगठे. एक माझ्या बायकोचा.

सकाळी धक्क्यावर दोघे पाठमोरे,
एक नदीकडे बघतोय, एक माडांकडे.
बोट लागली.
श्रीरंगबाबची स्कूटर फळीवर चढेना.
इनासनं उंड्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली
आणि मागून रेटा दिला,
दात आवळून, रेट्याला एकेक शब्द :
सुंगटांत. नाही. म्हणजे. नाही.

मी पिशवी धरून उभा. पाव अजून ऊन.
खलाशाला विचारलं,
काल रात्री फेरी उशिरा का आली?

उशिरा? तो म्हणाला.
कोण म्हणतो?