दोन डबे

पाला सावलीतच वाळवायचा. उन्हात टाकला
तर हिरवेपण उडून जातं, उरतो नुसता चुरा.
हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा चुकले,
चार दिवसांची मेहनत शेळीपुढे टाकली,
तिनेही हुंगून तोंड फिरवलं.

सिद्र म्हणतो आम्ही. बोरीच्याच कुळातलं झाड,
काटे तसेच वाकडे, ओढणीचा पदर न सोडणारे.
फळं पोरांची, सावली म्हाताऱ्यांची,
पानं बायकांची.

उखळात कुटायची, मलमलीतून दोनदा गाळायची,
कोमट पाण्यात कालवून हात फिरवत राहायचं.
फेस येतो. साबणासारखा मिरवणारा नव्हे,
ताकावर धरतो तसा, थोडा, लाजरा.
तो केसांच्या मुळाशी चोळायचा आणि बसून राहायचं
फलजच्या पाटाचं पाणी
खजुरीची तीन आळी भरेपर्यंत.
घड्याळ लावणाऱ्या मुलींचे केस
मी धूत नाही.

माझ्या फळ्यांवर दोन डबे.
वरचा दूध-पावडरीचा.
तो नवऱ्या मुलींचा, बाळंतिणींचा,
कोंड्याने डोकं खाजवणाऱ्या शाळकरी पोरींचा,
आणि मस्कतहून सुट्टीला येऊन
मुठीत गळालेले केस दाखवणाऱ्या बायकांचा.
(बाटलीत काय होतं, विचारलं तर म्हणतात, फुलं.)

खालचा बिस्किटांचा, झाकणावर बर्फातलं घर.
तो शेवटच्या आंघोळीचा.
गावात बाई गेली की रात्री-अपरात्री दार वाजतं.
आधी सिद्रचं पाणी, अखेरचं कापराचं,
मग केसांच्या तीन वेण्या,
घट्ट नाहीत, कुठे धावायचं नाही आता.

झाड एकच. उखळ एक, मलमल एक.
मग डबे दोन कशाला?
कुणी विचारलं नाही, बरं झालं.

रय्याच्या मेंदीच्या आदल्या संध्याकाळी
वरच्या डब्यात चमचा घातला
आणि पत्र्याचा आवाज आला.
दारात ती, केस सोडून, पाठीवर कमरेपर्यंत अंधार.
मागे तिची आई, हातात हलव्याची वाटी.
मी म्हटलं, बसा, पाणी ठेवते.

आणि स्वयंपाकघरात, पाठमोरी,
बर्फातल्या घराचं झाकण उघडलं.

गेल्या हिवाळ्यात ह्याच डब्यातून
तिच्या आत्याला, गालियाला, न्हाऊ घातलं होतं.
आता बोटांखाली तेच दाट केस,
मानेवर डावीकडे तोच भोवरा,
जिथे भांग कधीच सरळ निघत नाही.
गालिया काही बोलली नव्हती.
ही बोलत होती, थांबतच नव्हती:
नवऱ्याची गाडी, सोहारचं घर, सासूचे गुडघे.
मग एकाएकी म्हणाली,
मावशी, किती गार वास येतोय, काय घातलंस?

कापराची पुरचुंडी त्याच डब्यात असते.

पुदिना, म्हणाले मी.

केस असे चमकले
की मेंदीच्या रात्री तिघींनी मला पत्ता विचारला,
जसं काही मी शहरात राहते.

आता ईदच्या तोंडावर ती आलीये,
पोट जरासं दिसतंय, चाल बदललीये.
म्हणते, त्या वेळचाच दे, गार वासाचा.
मी सकाळीच ताजा पुदिना वाळवून, कुटून
वरच्या डब्यात मिसळून ठेवला होता.
मला माहीत होतं ती येणार.
तिने चिमूट घेतली, नाकाशी नेली.
शेळीची आठवण झाली मला.

हा नाही, मावशी.

खालच्या फळीकडे बोट करून विचारलं तिने,
त्यात काय आहे?

बिस्किटं, मी म्हणाले.

मग एक दे की, म्हणाली, भूक लागलीये.