चौकटीबाहेर

नऊ वर्षं, दर गुरुवारी रात्री साडेआठला
ऑरिन टॅकेट कुणाला तरी गोळी घालायचा.
रक्त दिसायचं नाही, टीव्ही काळा-पांढरा;
मेलेला माणूस महिन्याभरात
मिशी लावून परत कामाला.

घोड्यांना तो घाबरायचा.
मला माहीत, कारण मीच असायचो चौकटीबाहेर
लगाम धरून, खिशात गाजरं.

मग मालिका आटपली.
बेकर्सफील्डला गालिच्यांच्या दुकानांची उद्घाटनं,
टोपी घालायचे वेगळे पैसे.

परवा वृद्धाश्रमात गेलो. मला ओळखलं नाही.
उठला, चालत दारापाशी गेला, थबकला,
हात कमरेशी.
आमच्या त्या गावात दारांमागे काहीच नसायचं,
नुसते लाकडी टेकू, आणि ऊन.

‘आत कोण आहे?’ हळूच विचारलं त्यानं.
संडास आहे, म्हटलं. जा बिनधास्त.
मी आहे इथे.