करार क्रमांक ४१७

ग्रिम्सबीत जानेवारीत सहाला रात्रच असते.
जुन्या बँक कार्डाने मी काचेवरचा बर्फ खरवडतो,
मागे लहान मुलांची उंच बैठक बसवतो
आणि कौन्सिलच्या कागदावर लिहितो:
करार ४१७. प्रवासी एक. सोबतीण एक.
अंतर एकतीस मैल, जायचे.

कागदावर प्रवाशाचं नाव नसतं, नुसती आद्याक्षरं.
नाव तिनेच सांगितलं तिसऱ्या आठवड्यात,
तेही मला नाही, खिडकीला.
धुकं आलेल्या काचेवर बोटाने: ब्रायनी.
मग बाहीने पुसलं.

तीन वर्षांत चार घरं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात;
विंचवाला निदान नांगी तरी असते.
हिच्याजवळ कचऱ्याची काळी पिशवी होती,
गाठ मारलेली,
आणि आतून कशाचा तरी कोपरा टोचत होता.
नंतर कौन्सिलने चाकांची बॅग दिली.
ती बॅग तिने महिनाभर उघडली नाही, असं डोरीन सांगते.

डोरीन म्हणजे सोबतीण. गुडघे दुखतात, तोंड नाही.
तीच म्हणाली, हॉलमध्ये बैठक झाली होती,
कोणी तरी आकडे मांडले:
एक मूल, दिवसाला बासष्ट मैल,
त्यापेक्षा जवळच्या शाळेत का नाही घालत?
आणि त्या मिसेस एबलव्हाइट,
ज्यांच्याकडे अशा सगळ्या मुलांची यादी असते,
चष्मा काढून म्हणाल्या म्हणे:
"घर फिरलं की वासे फिरतात, मान्य.
पण या पोरीची एक खुंटी अजून फिरलेली नाही.
शाळेच्या बोळात, दप्तर अडकवायची, तिच्या नावाची.
ती उपटून किती पाउंड वाचतील
तेवढं लिहून द्या, सहीनिशी."
कोणी लिहिलं नाही.
डोरीनला हे कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

मी काही पुण्य करत नव्हतो.
मैलाचे पैसे मिळत होते,
त्यातून बॉयलरचे हप्ते जात होते.
फक्त एवढंच, की मी रेडिओ लावायचं सोडलं,
कारण बातम्यांत दार आपटल्याचा आवाज आला
की ती पाय वर घ्यायची.

फेब्रुवारीत वोल्ड्सच्या उतारावर पाणी भरलं,
रस्ता बंद, वळसा, बीटच्या ट्रॅक्टरमागे
चाळीस मिनिटं आम्ही घोगलगाय.
"हजेरी झाली असेल," ती म्हणाली.
दर दोन मिनिटांनी. "झाली असेल ना?"
मला वाटलं, एवढं काय त्या हजेरीचं.
मग कळलं, जगात एकच जागा होती
जिथे रोज सकाळी कोणी तरी तिचं नाव मोठ्याने घ्यायचं
आणि उत्तराची वाट पाहायचं.

फाटकात मिस्टर थर्सबी उभे होते, छत्रीविना.
हातात न्याहारी क्लबचा टोस्ट,
फॉइलमध्ये गुंडाळलेला, गार, लोणी घट्ट झालेलं.
काहीच बोलले नाहीत. वही उघडली,
तिथेच, पावसात,
म्हणाले, "ब्रायनी?"
ती म्हणाली, "येस सर,"
आणि डोरीनने उगाच नाक शिंकरलं.

जूनमध्ये पत्र आलं, दोन ओळींचं.
करार ४१७ समाप्त.
मावशीने ताबा घेतलाय, शाळेपासून दोन गल्ल्यांवर.
मी आनंदाने कपभर चहा केला
आणि मग हप्त्याचा हिशेब करत बसलो.
दोन्ही खरं आहे.

सप्टेंबरात एका म्हाताऱ्याला दवाखान्यात सोडून येताना
झेब्रा क्रॉसिंगवर थांबलो.
ती चालत होती, एकटी नाही,
कुणाशी तरी भांडत, हात हलवत,
दप्तर एकाच खांद्यावर.
गाडीकडे पाहिलं नाही तिने.
का पाहावं?

ती पलीकडे पोचून बराच वेळ झाला होता.
मागच्याने हॉर्न दिला.
बरोबरच होतं त्याचं.
ती बैठक अजून मागे आहे,
खाचेत टोस्टचा चुरा.
काढायची आहे, काढीन.