कुकरबरोबर आलेलं खोकं

रुवीत कुणी देश सोडून निघालं
की जिन्याच्या भिंतीवर कागद चिकटतो:
पलंग, पंखा, इस्त्री. किंमत बोलून ठरवू.
तिसऱ्या मजल्यावरचे उस्ताद रमझी,
शाळेत चित्रकला शिकवायचे,
निघाले होते कैरोला, कायमचे.
आम्ही गेलो कुकर घ्यायला.
पाच लिटरचा, शिट्टी जरा सैल.
"हे खोकंही न्या," म्हणाले,
"विमानात हे वजन मला परवडायचं नाही."

खोक्यात चित्रांची पुस्तकं. सतरा.
आठवडाभर ती दारामागे पडून होती,
वर मी कांदे ठेवले होते.

रात्रीचं आमचं जेवण साधंच.
मुगाची खिचडी, वरून लसणाची फोडणी.
नाहीतर लबनची कढी;
लबन ताकाहून दाट,
पण भांडंभर पाणी घातलं की ओळखीचं होतं.
ज्वारीचं पीठ इथवर येईतो कडू पडतं,
म्हणून पिठल्याबरोबर कोपऱ्यावरचं खुबूस,
गॅसवर थेट धरून जरा करपवलेलं.
लेक शिकायला गेल्यापासून
ताटं दोनच, आणि बोलणं
दुसऱ्या घासालाच संपायचं.

एकदा कांदे संपले,
तेव्हा वरचं पुस्तक हाताला आलं.

मग रिवाज पडला: ताटं उचलण्याआधी एक पान.
बोटं पुसूनच उलटायचं, एवढाच नियम;
तो मुकुंदने तिसऱ्याच दिवशी मोडला.
कुणाच्या तरी समुद्रावर हळदीचा डाग पडला.
"बरं झालं," म्हणाला, "होडीला दिवा नव्हता."

चित्रकारांची नावं आम्हाला वाचता येत नव्हती,
लिपीच कुठली ते कळेना. आम्हीच ठेवली.
भिंतवाला मुकुंदचा.
अर्धवट बांधलेल्या भिंती, उन्हात, माणूस एकही नाही.
सिमेंटच्या पोत्यांचे हिशेब लिहिणारा माझा नवरा
घास हातात तसाच धरून म्हणाला,
"याला गिलावा कळतो."
एवढं कौतुक त्यानं
लेकीच्या निकालाचंही केलं नव्हतं.

माझी वाटीवाली.
जन्मभर बाईनं वाट्याच काढल्या.
एक वाटी. दोन वाट्या. एक पालथी.
आधी मला वाटलं, फसवतेय.
मग एका रात्री कढी वाढताना
माझ्या स्टीलच्या वाटीच्या काठावर
तिचा तो पांढरा उजेड येऊन बसलेला दिसला,
आणि पळी हातातच राहिली.
"काय झालं?" "काही नाही, जेव."

तिच्या पालथ्या वाटीशेजारी, समासात,
उस्तादांनी पेन्सिलीनं चार ओळी लिहिलेल्या,
बारीक अरबीत, घाईघाईनं.
आम्ही किती रात्री अर्थ लावला!
मी म्हणाले, उजेडाबद्दल असणार.
मुकुंद म्हणाला, एकट्या माणसानं
एकट्या वाटीबद्दल लिहिलंय, दुसरं काय.

शेवटी पुस्तक पिशवीत घालून
खलफान काकांच्या बकाल्यात गेलो.
त्यांनी चष्मा लावला, दिव्याखाली पान धरलं,
चित्राकडे बघितलंच नाही.
"मसूर," त्यांनी वाचलं. "कांदे, दोन किलो.
सिलिंडरवाल्याला फोन.
खाली पुन्हा: मसूर, विसरायचे नाहीत."
पुस्तक मिटून त्यांनी तराजू पुढे ओढला.
"किती तोलू?"

मुकुंद इतका हसला
की त्याला तांदळाच्या पोत्यावर बसावं लागलं.
मी मात्र किलोभर घेतले.

त्या रात्री मसूर उस्तादांच्याच कुकरमध्ये.
सैल शिट्टीतून वाफ निसटत होती,
खिडकीबाहेर डोंगर, दिवसभराचं ऊन
अजून अंगात धरून काळा बसलेला.
आमटी जरा पातळच झाली.
पुस्तक मधे उघडं, पालथ्या वाटीवर,
आणि आम्ही भुरके मारत
त्या चार ओळी बघत बसलो,
"विसरायचे नाहीत" हे नक्की कुठे लिहिलंय
ते बोटानं शोधत.
मुकुंदचं बोट ओलं होतं.
मी काही बोलले नाही.